आडवं भोक

१

ऑरिन फ्लेचरच्या कोटाला पडलेलं भोक गोल नव्हतं. बोटाच्या दोन पेरांइतकं लांब, मध्ये जरा फुगीर, दोन्हीकडे निमुळतं. जणू गोळी टोक पुढे करून न येता पाठीवर लोळत आली होती.

थोरा लिंडेने चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा खाली घेतला. साठीची ही बाई गावातलं अंत्यसंस्कारांचं दुकान चालवायची. नवरा आर्ने चार वर्षांपूर्वी गेल्यापासून त्याच्या जागी जिल्ह्याची कॉरोनरही तीच होती. माणूस कशाने मेला ते लिहून सही करायची, एवढंच त्या पदाचं काम. बिटर फोर्क खोऱ्यात लोक बहुधा म्हातारपणाने, घोड्यावरून पडून किंवा दारूने मरत, त्यामुळे लिहिणं सोपं असायचं.

"दगडावरून उडालेली गोळी," शेरीफ ग्रेडी मॉस दाराला टेकून म्हणाला. "भोकावरूनच कळतं. दगडाला थडकली की गोळी कोलांट्या खाते."

"कोणाची?"

"लायल ड्युबेची. ऑरिनचाच गडी. रविवारी सकाळी चोकचेरीच्या कोरड्या ओढ्याकडे तोंड करून त्याने हरणावर बार टाकला. हरीण पळालं. त्या घडीला ऑरिन आत ओढ्यात होता हे त्याला ठाऊक नव्हतं. पोरगा स्वतःच येऊन रडत सांगून गेला. ऑरिनला आणायला गेलेल्यांनी तिथला सगळा बर्फ तुडवला, माग काही उरला नाही. तू काढलीस ना, तसल्या लांबुडक्या गोळ्या अख्ख्या खोऱ्यात त्याच्याकडेच आहेत."

थोराने ऑरिनच्या मणक्याजवळून काढलेली गोळी बशीत ठेवली होती. बारीक, लांब, कमरेत जराशी वाकलेली.

"मग अपघात लिहू?"

"लिही. पण सरकारी वकील या वेळी ऐकायचा नाही. गेल्या साली दोन शिकारी असेच मेले. निष्काळजीपणाने जीव घेतला म्हणून तो लायलला तुरुंगात धाडणार. दहा वर्षं म्हणतोय." ग्रेडीने टोपी डोक्यावर ठेवली. "गुरुवारी पंचांसमोर चौकशी. तुझा कागद मला तोवर हवा. लायलची बायको सात महिन्यांची गरोदर आहे, तेवढं लक्षात असू दे."

तो गेल्यावर थोरा कोटाची घडी घालायला लागली आणि तिचे हात थांबले. असलं आडवं भोक तिने आयुष्यात आणखी एकदाच पाहिलं होतं. नऊ वर्षांपूर्वी, याच टेबलावर, बंदुका दुरुस्त करणाऱ्या ऑगस्ट ब्रांटच्या मुलाच्या, सोळा वर्षांच्या वॉरेनच्या शर्टाला. तोही चोकचेरीच्या ओढ्यातच सापडला होता, आणि महिना नोव्हेंबरच होता.

२

लायलने कोठडीत दिलेल्या जेवणाला हात लावला नव्हता.

"मिसेस लिंडे, मी कबूल करतोय ना," तो म्हणाला. "मग अजून काय विचारायचंय?"

"कबूल करायची घाई करू नकोस. मला बंदुकीतलं काही कळत नाही. मला शहाणी कर. ही गोळी एवढी लांब का?"

या विषयावर तो थोडा माणसात आला. "आपल्याकडचा वारा माहीत आहे ना. हलकी गोळी वाऱ्यावर भरकटते. जड गोळी वाट सोडत नाही. पण जाडी तेवढीच ठेवून वजन वाढवायचं म्हणजे लांबी वाढणार. ही एकशेपंधरा ग्रेनची आहे. मिस्टर फ्लेचरनी ही रायफल मला दिली तेव्हा तळघरात या गोळ्यांचा डबा सापडला. कोणीतरी हाताने बनवलेल्या, शंभराचा डबा. तीनच कमी होत्या."

"तीनच?"

"हो. का ते मला लगेच कळलं. मी उडवून बघितल्या तर कागदावर सगळ्या आडव्या. गोळीला फिरकी लागते, मिसेस लिंडे. नळीच्या आतून पिळाचे आटे असतात, ते तिला फिरवतात. लांबट फुटबॉल हाताने फेकताना बोटांनी पीळ देतो ना, तसं. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट पाहिजे. त्या जुन्या नळीत बारा इंचांत एक वेढा होता. हलक्या गोळीला तेवढा पुरतो. ही लांब गोळी त्यातून निघाली की डळमळते आणि आडवी पडते."

थोरा पुढे सरकली. "म्हणजे दगडाला न लागताही भोक आडवं पडतं."

"जुन्या नळीतून, हो. पण मी नळी बदलून घेतली. ऑगस्ट ब्रांटकडून. आठ इंचांत एक वेढा. आता त्याच गोळ्या अशा जातात की तीन भोकं एका नाण्याखाली झाकावीत." मग त्याचा चेहरा पुन्हा पडला. "म्हणून तर दगडच असणार. माझ्या नव्या नळीतून गोळी आपणहून आडवी पडायची नाही."

"ऑगस्टला तू ते आडव्या भोकांचे कागद दाखवलेस?"

"दाखवले. सप्टेंबरात. काय सांगू, बराच वेळ तो कागदाकडे बघत बसला. मला वाटलं म्हाताऱ्याला डुलकी लागली. मग विचारलं, ही रायफल आधी कोणाची. मी सांगितलं. मग म्हणाला, गोळ्यांचा डबा इथेच ठेव, नवी नळी त्यावरच तपासतो. रायफलीबरोबरच तो परत दिला."

थोरा उठली. दारात तिला आणखी एक आठवलं. "रविवारी बार टाकलास तेव्हा काय ऐकलंस?"

"माझाच बार. आणि त्याचा पडसाद. जरा उशिराने आला."

बाहेर आल्यावर तिने रस्त्याकडे पाहिलं. शनिवारी रात्रभर पडलेला बर्फ अजून कुंपणांवर फूटभर बसला होता. एवढ्या ताज्या बर्फात खोरं आवाज गिळून टाकतं, पडसाद देत नाही. हे लहानपणापासून तिला ठाऊक होतं, आणि लायललाही एरवी ठाऊक असतं.

३

लॅव्हिना फ्लेचरच्या स्वयंपाकघरात शेजारणींनी आणलेली भांडी एकावर एक रचली होती. ती एकाही भांड्याचं झाकण उघडत नव्हती.

"तो तिथे कशाला गेला होता, लॅव्हिना? बंदूक तर बरोबर नव्हती."

"नऊ वर्षांत त्याने बंदूक धरली कुठे? त्याच्या गोळीने वॉरेन गेला तेव्हापासून सोडलीच. पण दर वर्षी त्या पोराच्या तारखेच्या आसपासचा रविवार आला की ओढ्यात जाऊन बसायचा. तासभर. मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही."

"कोणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. या खोऱ्यात तू शिंकलीस तरी लोकांना कळतं." लॅव्हिनाने टेबलावरचा न दिसणारा कण पुसला. "प्यायला बसला की एकच म्हणायचा, दगडाने केलं. मी कोल्ह्यावर झाडली आणि दगडाने केलं. मी म्हणायची, बाबा रे, तुला कोणी काही बोललंय का? तर पुन्हा तेच."

"आणि ऑगस्ट?"

"ऑगस्ट आम्हाला कधी वाकडा शब्द बोलला नाही. त्याचा राग सगळा त्या दगडावर. ओढ्याच्या तोंडाशी तो करडा धोंडा होता ना, गाईएवढा? पुढच्या वसंतात घण घेऊन गेला आणि पंधरा दिवस फोडत बसला. लोक म्हणाले वेडा झाला. ऑरिन इथे खिडकीशी उभा राहून घणाचे आवाज ऐकायचा." ती पहिल्यांदा थोराकडे सरळ बघून बोलली. "थोरा, घरात बसून ते ऐकणं सोपं नव्हतं. मला त्या वेळी ऑगस्टची दया यायला हवी होती. पण मला ऑरिनची आली."

४

ऑगस्ट ब्रांटची कार्यशाळा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. वाट भाजीच्या वाफ्यावरून जात होती. खोऱ्यातले बंदूकवाले झिजलेल्या नळ्या टाकून देत नाहीत, टोमॅटोला आधार म्हणून रोवतात. ऑगस्टच्या वाफ्यात डझनभर तरी होत्या, गंजून तांबूस झालेल्या. थंडीने काळ्या पडलेल्या वेली चिंध्यांनी त्यांना अजून बांधलेल्या होत्या. कडेची एक तेवढी मोकळी उभी होती.

"ये, थोरा. कॉफी आहे, पण सकाळची," ऑगस्ट म्हणाला. उंच, वाकलेला माणूस. बोलताना हातातलं काम थांबवायचा नाही.

"लायलच्या नळीबद्दल विचारायचं होतं."

"चांगली बसवली. त्यात खोट नाही."

"बघू दे."

त्याने भिंतीवरचा कागद काढून दिला. तपासताना झाडलेल्या गोळ्यांचा कागद सांभाळून ठेवायची त्याची रीत होती. खाली त्याच्याच नेटक्या अक्षरात लायलचं नाव, एकशेपंधरा ग्रेन, आठ इंच. वर तीन भोकं, एकमेकांना चिकटलेली. तिन्ही गोल.

"आणि जुनी नळी?"

कानशीचा आवाज क्षणभर थांबला. "भंगारात दिली."

"पीळ किती होता तिचा?"

"आठवत नाही. सळईला चिंधी घट्ट गुंडाळून आत ढकलायची, सळई किती इंचांत एक वेढा फिरते ते मोजायचं. रोज चार नळ्या मोजतो मी. प्रत्येकीचं कुठे लक्षात ठेवू?"

लायलने जो आकडा कोठडीत झोपेतही सांगितला असता, तो या माणसाला आठवत नव्हता. पंचेचाळीस वर्षांत ज्याने बनवलेली प्रत्येक नळी नावानिशी सांगितली, त्याला. थोराने कॉफी संपवली. कडू होती.

"पोराला किती होईल?" निघताना ऑगस्टने विचारलं. "लायलला?"

"दहा वर्षं."

आता कानस खाली ठेवली गेली. "अपघाताला कोणी शिक्षा देतं का? ऑरिनला कोणी दिली नाही."

"तेव्हा दिवस वेगळे होते."

त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि तो चेहरा घेऊन थोरा घरी आली.

५

आर्नेची कागदपत्रं तळघरात वर्षांप्रमाणे लावलेली होती. एकोणीसशे पासष्टच्या खोक्यात वॉरेन ब्रांटचा लखोटा होता. लखोट्यात सही केलेला कागद: "दगडावरून परतलेली गोळी. अपघात." आणि तंबाखूच्या लहान डबीत कापसात ठेवलेली गोळी.

थोराने ती ऑरिनच्या गोळीशेजारी ठेवली. जुळ्या बहिणी. तेवढीच लांब, तशीच कमरेत वाकलेली. आणि दोन्हींचं टोक शाबूत. शिशाचं मऊ टोक दगडाला लागलं तर चेंदामेंदा होतं. या टोकांवर ओरखडासुद्धा नव्हता.

म्हणजे ऑरिनने कोल्ह्यावर गोळी झाडलीच नव्हती. झुडपात काहीतरी हललं, आणि न बघता त्याने त्या हलण्यावर सरळ झाडली. गोळ्या नव्या होत्या, नळी जुनी होती, भोक आडवं पडलं. आणि त्या भोकाने त्याला दगडाची सबब आयती मिळवून दिली.

ती लखोटा बंद करणार तोच कागदाच्या पाठीवर तिला पेन्सिलीचं अक्षर दिसलं. आर्नेचं, बारीक.

"टोकावर दगडाची खूण नाही. ऑरिन इतका रडतो आहे की त्याला उभं राहवत नाही. विचारून पोरगं परत येणार आहे का?"

थोरा तळघराच्या पायरीवर बसली. पस्तीस वर्षं जो माणूस तिच्या बाजूला झोपला, त्याला माहीत होतं. भला माणूस होता आर्ने, सगळं गाव म्हणायचं. त्याने एका रडणाऱ्या माणसावर दया केली, आणि दुसऱ्या रडणाऱ्या माणसाला आयुष्यभर दगड फोडायला लावलं. तिला त्याचा संताप आला, आणि तो समोर नाही म्हणून रडूही आलं.

सकाळी तिने ग्रेडीला पुठ्ठा घेऊन खाणीत बोलावलं. लायलच्या रायफलीतून त्याच डब्यातल्या तीन गोळ्या त्याने साठ पावलांवरून झाडल्या. तिन्ही भोकं गोल.

"मग दगड," ग्रेडी हट्टाने म्हणाला.

तिने दोन्ही गोळ्या, टोकं दिसतील अशा, त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्याने टोकांवरून अंगठा फिरवला. जन्मभर शिकारी, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

"त्याच गोळ्या, पण जुनी नळी," तो हळूच म्हणाला. "ती भंगारात गेली म्हणालीस."

"तो म्हणाला. चल, मला त्याचे टोमॅटो बघायचेत."

६

ग्रेडीला तिने गाडीतच बसवलं. ऑगस्ट शेडच्या दारात उभा होता, जणू वाट बघत असावा.

थोरा वाफ्याच्या कडेला थांबली. "अकरा नळ्यांना वेली आहेत, ऑगस्ट. बाराव्या नळीला वेल नाही आणि गंजही नाही. उन्हाळ्यात ती इथे नव्हती. आणि हिच्या तोंडाशी हातोड्याचे घाव आहेत. गोठलेल्या जमिनीत टोमॅटोची काठी कोण ठोकतं?"

तिने नळीच्या तोंडावर बोट ठेवलं.

"दुसऱ्या बंदुकीच्या मागच्या भागावर ती बसवायला तुला किती वेळ लागला?"

"एक दुपार," ऑगस्ट म्हणाला. "ते सोपं होतं." तो पायरीवर बसला. "लायलने ते कागद टेबलावर टाकले आणि मला वॉरेनचा शर्ट दिसला. तोच शर्ट अजून पेटीत आहे, थोरा. मी कागद नेऊन भोकावर ठेवून पाहिला. मग पीळ मोजला. बारा इंच. नऊ वर्षं मी एका दगडाचा द्वेष करत होतो. रोज सकाळी उठून एका दगडाचा. ऑरिन येऊन म्हणाला असता की ऑगस्ट, मी न बघता झाडली, तर मी त्याला मारलं असतं किंवा माफ केलं असतं, पण माणसाशी केलं असतं."

"तो दर वर्षी तिथे जाऊन बसायचा."

"माहीत आहे. म्हणून तर तिथे गेलो. हाक मारली, कागद दाखवला. त्याने बघितलं आणि मान खाली घातली. तेव्हाही म्हणाला नाही. एक शब्द नाही. मी चढावर साठ पावलं परत आलो तरी तो तसाच बसून होता. खाली कोणीतरी बार टाकला, मग मी टाकला."

"ज्याने टाकला तो लायल होता."

"कोण ते मला दिसलं नव्हतं." त्याचा आवाज पहिल्यांदा चिरला. "मला वाटलं, असल्या भोकाला तुम्हा लोकांकडे एकच शब्द आहे. आर्नेने लिहिला तोच तू लिहिशील. दगडाने केलं. कोणाला काही होणार नाही. मागच्या वेळी कोणाला झालं?"

"कुठला दगड, ऑगस्ट?" थोरा म्हणाली. "ओढ्याच्या तोंडाशी एकच होता. तो तर तू फोडलास. तिथे आता खडी आहे आणि वर फूटभर बर्फ."

ऑगस्टने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर हसू यायला निघालं होतं, ते वाटेतच मेलं.

"अजून लिहिता येईल," तो म्हणाला. "अनोळखी शिकारी, सापडला नाही. लायलही सुटेल. मी किती दिवसांचा आहे? आर्नेने लिहिलं असतं."

"हो. त्याने लिहिलं असतं." एवढं म्हणायला तिला फार जड गेलं, कारण क्षणभर तिलाही लिहावंसं वाटलं होतं. "आणि ते कोणाला तरी सापडलं असतं. लॅव्हिनाला, नाहीतर लायलच्या पोराला. नऊ वर्षांनी."

तो उठला आणि नळीला हात घालून हिसका दिला. ती हलली नाही. जमीन दगड झाली होती. थोरा आत गेली, शेगडीवरची किटली घेऊन आली आणि नळीच्या बुडाशी ओतू लागली. वाफ दोघांच्या तोंडावर आली. दुसऱ्या किटलीनंतर नळी सुटली. ऑगस्टने सवयीने ती विजारीला पुसली, आत डोकावून पाहिलं आणि तिच्या हातात दिली.

"ग्रेडी थांबलाय," ती म्हणाली. "पण त्याआधी माझ्याकडे एक कागद आहे. ऑरिनचा नाही."

तिने कोटाच्या खिशातून घडी उलगडली. चष्मा वाफेने धुरकटला होता, पण पहाटे स्वतःच लिहिलेलं होतं, त्यामुळे अडलं नाही.

"वॉरेन ऑगस्ट ब्रांट, वय सोळा. मृत्यू बंदुकीच्या गोळीने. गोळी दगडाला लागलेली नव्हती. ती ऑरिन फ्लेचर याने समोर कोण आहे हे न पाहता सरळ झाडली. पूर्वीचा निष्कर्ष चुकीचा होता, आणि तो चुकीचा असल्याचं तो लिहिणाऱ्या कॉरोनरला माहीत होतं. सही, थोरा लिंडे."

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. ग्रेडी वाफ्याच्या टोकाशी येऊन उभा राहिला, टोपी हातात धरून.

ऑगस्टने दोन्ही हात विजारीला पुसले. "परत वाच," तो म्हणाला.

तिने परत वाचलं.